आठ कांदे आणि बंद झाकण

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ज्यू नववर्षाला, आमच्या अलिबागकडच्या घरी आई चिकाचा हलवा करीत असे. गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर यांचे ते मिश्रण तळाला धरू नये म्हणून ती तासन्‌तास शेगडीपुढून हलत नसे; त्यामुळे सणाचे खाणे म्हणजे हात भरून येईपर्यंत ढवळणे, अशी माझी पक्की समजूत झाली होती. लग्न होऊन न्यू जर्सीला आले आणि त्याच सणाला ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या माझ्या सासूबाईंनी सव्वादोन किलोंचा एक अखंड ब्रिस्केट ओट्यावर ठेवून सांगितले, की एकदा हा ओव्हनमध्ये गेला की तीन-चार तास याच्याकडे कोणी फिरकायचे नाही.

ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचे मांस. या जनावराला आपल्यासारखे गळ्याखालचे आडवे हाड नसते, त्यामुळे पुढच्या अंगाचा बराचसा भार छातीचे हे स्नायूच पेलतात आणि पेलून पेलून चिवट होतात. ज्यू घरांत हाच तुकडा का मानाला चढला, याचे उत्तर बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात सापडते. रात्रभर झुंजताना ज्यूंचा पूर्वज याकोब याच्या जांघेचा सांधा निखळला, म्हणून तिथली शीर खायची नाही असा दंडक पडला. ती शीर आणि निषिद्ध चरबी काढून जनावराचा मागचा भाग कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार खाण्याजोगा, करणे इतके किचकट, की पोलंड-रशियाकडचे ज्यू खाटीक तो सरळ इतरांना विकून टाकीत. उरला पुढचा भाग, आणि त्यातला छातीचा तुकडा तर चिवट म्हणून स्वस्त. आमच्या माहेरी मोठ्या जनावराचे मांस कधी शिजलेच नाही. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत सणाला मटण आणि मासळी, आणि मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून रश्श्याला नारळाचा आधार.

सासूबाईंची रीत साधी आहे. तुकडा तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचा (लोण्याचा अर्थातच प्रश्न येत नाही), त्याच भांड्यात आठ कांदे उभे चिरून परतायचे, वर मांस, त्यावर थोडी टोमॅटोची पेस्ट, मिरपूड, लसूण आणि एक गाजर. नंतर झाकण घट्ट लावून १६० अंशांवर ठेवून द्यायचे. पाणी घालायचे नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले होते. पहिल्या वर्षी त्यांची पाठ वळताच मी वाटीभर पाणी ओतले आणि वर तीनदा झाकण उघडून पाहिले, कारण कोरड्या कांद्यावर मांस ठेवून निघून जाणे माझ्या हाताला पटेना. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, हे मला नंतर सुचले. रस्सा पातळ पाण्यासारखा झाला. त्यात मी ब्रिस्केट गरम असतानाच, धाग्यांच्या दिशेने कापला आणि पाहुण्यांच्या दातांत सुतळ्या अडकल्या.

न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली केवळ पाककलेच्या पुस्तकांचे दुकान काढणारे नाख वॅक्समन यांची कृतीही आठ कांदे आणि एका गाजराचीच आहे. फरक इतकाच, की मांस अर्धे शिजल्यावर ते बाहेर काढून कापायचे आणि काप जुळवून, जणू अखंडच आहे अशा थाटात, पुन्हा आत ठेवायचे. ते मला पटते. पटत नाही ते कांद्याच्या सुपाचे तयार पाकीट, जे अमेरिकेतल्या कित्येक घरांत आजही ब्रिस्केटवर रिकामे केले जाते. कोशर मांस आधीच तासभर मिठात ठेवून धुतलेले असते, त्यावर पाकिटाचे मीठ कशाला?

आता मी ब्रिस्केट आदल्या दिवशीच करते. पहिले दोन तास मांस उलट आखडते, काटा टोचला तर रबरासारखा परत येतो, आणि इथेच नवख्याचा धीर सुटतो; पण त्यानंतर आतले चिवट धागे हळूहळू विरघळून सरसासारखे होतात आणि काटा आपल्या वजनाने आत जातो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिल्यावर सकाळी वर पांढऱ्या चरबीची पापडी धरते. ती उचलून टाकायची, गार मांसाचे धाग्यांना आडवे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप करायचे आणि खाली लगदा झालेल्या तपकिरी कांद्यात ते पुन्हा गरम करायचे. आठ कांद्यांचे ते मूठभर उरतात, आणि घरातले खरे भांडण त्यांच्यावरून होते.

जेवणानंतर हलवा असतोच, कारण नारळाचे दूध असल्याने तो मांसानंतरही चालतो. यंदा तो ढवळायला सासूबाई हौसेने उभ्या राहिल्या. दहाव्या मिनिटाला त्यांनी मनगट चोळत मला विचारले, "याच्यावर झाकण ठेवून नाही का जाता येणार?"