बटाटा आधी, कोळंबी शेवटी

भुट्ट्याचा कीस खाऊन मोठ्या झालेल्या गावाला मक्याबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. बटाट्याबद्दलही नाही. माळव्याच्या काळ्या मातीतला बटाटा चिप्सच्या कारखान्यांपर्यंत जातो. तरीही इंदुरातल्या एखाद्या मराठी घरात ‘शनिवारी गच्चीवर सीफूड बॉइल’ (म्हणजे कोळंबी, मका, बटाटे एकाच पातेल्यात मसाल्याच्या खाऱ्या पाण्यात उकडायचा बेत) असं ठरलं, की आठवडाभर चर्चा चालते ती कोळंबीचीच. कुठून आणायची, ताजी असेल का, मुंबईचा समुद्र तर जवळजवळ सहाशे किलोमीटरवर! आणि शनिवारी रात्री फसतो तो बटाटा.

या पदार्थाचं समुद्राशी नातं वाटतं तेवढं घट्ट नाहीच. अमेरिकेत लुइझियानात ज्या क्रॉफिशच्या पातेल्याभोवती अख्खी आळी जमते, तो क्रॉफिश, म्हणजे छोट्या लॉब्स्टरसारखा जीव, गोड्या पाण्यातला. भाताची कापणी झाली की त्याच खाचरांत पाणी भरून त्याला वाढवतात. साउथ कॅरोलायनातल्या याच कुळीच्या पदार्थाला फ्रॉगमोर स्ट्यू म्हणतात. त्यात बेडूक नाही, फ्रॉगमोर हे तिथल्या बेटावरच्या वस्तीचं नाव. आत काय, तर कोळंबी, सॉसेज, मका आणि बटाटा. चारांतले दोन जिन्नस आपल्या भाजीवाल्याकडेच असतात. सॉसेज हवंच असेल तर चिकनचं घालावं, नसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

तर कोळंबी. बाजारात मिळते त्यातली बरीचशी वनामी, म्हणजे तलावात वाढवलेली. बॉइलसाठी ती डोकं काढलेली पण साल असलेली हवी. डोक्यासकटची दिसायला देखणी, पण तिच्या डोक्यातली पाचक द्रव्यं मेल्यानंतरही आपलं काम करत राहतात आणि मानेपासून मांस पिठूळ होत जातं. बंदराच्या गावात ती संध्याकाळपर्यंत रांधली जाते. इथे बर्फाच्या पेटीतून येईपर्यंत डोकं लोंबायला लागलं असेल तर भाव न विचारता पुढे जावं. अमोनियासारखा उग्र वास आला तरी तेच. सोललेली कोळंबी इथे कामाची नाही. साल हेच तिचं झाकण आहे, ते गेलं की रस पाण्यात आणि हातात रबर.

गोठवलेल्या पाकिटावर ३१/४० असा आकडा असतो. एका पाउंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, तेवढे नग. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. बॉइलला हाच आकार बरा. पाकिटाच्या वजनात बर्फाचा मुलामा धरलाय की नाही तेही बघावं. धरला असेल तर दोन किलोच्या पैशात पावणेदोन किलोच घरी येते. ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. विसरलात तर पिशवी बंद ठेवून गार पाण्यात अर्धा तास. गरम पाण्याखाली धरली तर बाहेरून शिजते आणि आतून दगड राहते. खेकड्याचा मोह झाला तर एवढंच पाहावं की तो जिवंत आहे. मेलेला खेकडा स्वस्तात मिळतो, त्याला कारण असतं.

साफ करताना कात्रीने पाठीवरची साल मानेपासून शेपटीच्या जरा अलीकडेपर्यंत उभी कापायची आणि काळा धागा टूथपिकने उचलायचा. साल काढायची नाही. त्या चिरेतूनच मीठमसाला आत जातो आणि खाताना साल एका झटक्यात सुटते. दोन किलोला दोन माणसं, पाऊण तास.

पंचांगाचा मात्र घोळ आहे. देशी भुट्टा पावसाळ्यातला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ती उघडते तोवर श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. तलावातल्या वनामीला ही बंदी लागू नसते, पण घरातल्या मोठ्या बाईंना वनामी आणि पापलेट यांत श्रावणापुरता काही फरक दिसत नाही. तेव्हा जानेवारी बरा. स्वीटकॉर्न मिळतो, नवा बटाटा यायला लागतो आणि गच्चीवर शेगडीची ऊब हवीशी वाटते.

बटाट्यापाशी जरा थांबायला हवं. चिप्सच्या जातीच्या बटाट्यात पाणी कमी आणि पीठ जास्त असतं. तळल्यावर तो खुसखुशीत होतो, पण उकळत्या पातेल्यात कडेने भुगा होऊन सगळं पाणी गढूळ करतो. बॉइलला नवा, पातळ सालीचा, लिंबाएवढा बटाटा हवा. माळव्यात कुफरी लवकर नावाची जात लावतात. झटपट तयार होते म्हणून नावच मराठी. ती कोवळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. साल ठेवायची, चिरायचा नाही आणि मुख्य म्हणजे सगळे एका आकाराचे निवडायचे. भाजीवाला कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

आठ जणांना दोन किलो कोळंबी, दीड किलो बटाटे, चार स्वीटकॉर्नचे तीन-तीन तुकडे, चार कांदे अर्धे केलेले, लसणीचे चार अख्खे गड्डे आडवे कापलेले, चार लिंबं. पाणी आठ लिटर. या सगळ्याला वीस लिटरचं पातेलं लागतं. ते घरात नसतं, मंडपवाल्याकडून भाड्याने आणावं. घरच्या मोठ्या बर्नरवर आठ लिटरला उकळी यायला सहज अर्धा तास लागतो, म्हणून पाहुण्यांना आठची वेळ दिली असेल तर सातच्या आत गॅस पेटलेला हवा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. बटाट्याला एखादं मिनिट जास्त द्यावं लागतं इतकंच.

मीठ घालताना सगळ्यांचाच हात आखडतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपल्याला २५ पुरे. म्हणजे आठ लिटरला २०० ग्रॅम, किलोच्या पुड्याचा पाचवा हिस्सा. ते एकदम पातेल्यात पडताना बघून कुणीतरी हाय खातंच. पण हे पाणी प्यायचं नाही, त्यातलं बहुतेक मीठ मोरीत जाणार असतं. आमटीच्या अंदाजाने घातलं तर बटाटा आतून अळणी राहतो आणि वरून कितीही भुरभुरवलं तरी तो अळणीच राहतो.

मसाल्याच्या परदेशी पुड्या मिळतात, पण त्यांवरची यादी वाचली की आपला मिसळणाचा डबाच समोर येतो. मोहरी, धणे, मिरची, तमालपत्र, शेपूचं बी. दोन-दोन मोठे चमचे मोहरी आणि धणे, एक चमचा मिरे, एक चमचा शेपूचं बी, सहा लवंगा, चार तमालपत्रं, दहा सुक्या मिरच्या. सगळं किंचित ठेचून मलमलच्या फडक्यात सैल बांधायचं. इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. पुरचुंडी घट्ट बांधली तर धणे फुगून आत कोंडतात आणि मधला मसाला कोरडाच बाहेर येतो. जिरावन, म्हणजे आपला इंदुरी कोरडा मसाला, मात्र या पाण्यात घालू नये. पोह्यांवर घालतो तसंच ते इथेही शेवटी, कोरडं.

पाणी, मीठ, कांदा, लसूण, पुरचुंडी. उकळी आल्यावर दहा मिनिटं झाकून. मग बटाटे. आठ मिनिटांनी मका. आणखी सातेक मिनिटांनी सुरीचं टोक बटाट्यात घालून पाहायचं. सुरी उचलल्यावर बटाटा आपणहून घसरून पडला तर झाला. सुरीला चिकटून वर आला तर नाही झाला, आणि तोवर कोळंबीच्या पाकिटाला हातसुद्धा लावायचा नाही. लिंबाबद्दलही हेच. सुरुवातीलाच लिंबं पिळणारा एक उत्साही माणूस प्रत्येक गच्चीवर असतो. आंबट पाण्यात बटाटा नरम व्हायला तयार नसतो, अर्धा तास उकळा नाहीतर तास. शिवाय लिंबाची साल उकळून पाण्याला कडवटपणा येतो तो वेगळाच.

अमेरिकेत यानंतर कोळंबीही त्याच गर्दीत ढकलतात, कारण त्यांच्या पातेल्यात भोकांची जाळी असते आणि सगळं एकदम उचलता येतं. आपल्याकडे झारा. तेव्हा बटाटे, मका, कांदा आधीच झाऱ्याने काढून परातीत झाकून ठेवावे. याने बटाटे फुटत नाहीत आणि कोळंबीला पोहायला जागा होते. शिवाय मासे न खाणाऱ्यांचा वाटा कोळंबी पडायच्या आत बाजूला निघतो. इंदुरातल्या मराठी गोतावळ्यात असे तिघे-चौघे असतातच. ज्यांना भांडंही वेगळं लागतं त्यांच्यासाठी पाच लिटरचं वेगळं पातेलं चढवावं, वाद घालू नये. त्यांतलंच कुणी ‘गराडूही टाका ना’ म्हणेल, म्हणजे इथे हिवाळ्यात तळून खातात तो कंद. टाकू नये, पाणी बुळबुळीत होतं. त्याची जागा कढईत.

आता कोळंबीची चार मिनिटं. फ्रीजमधली दोन किलो कोळंबी आत गेली की पाण्याचं तापमान धाडकन ऐंशीच्या आसपास उतरतं आणि पातेलं गप्प होतं. इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात, पुन्हा उकळी फुटायची वाट पाहतात. घरच्या बर्नरवर त्याला सात-आठ मिनिटं लागतात आणि कोळंबीला लागतात तीन ते चार. उकळी येते तेव्हा ती केव्हाच रबर झालेली असते. म्हणून पाण्याकडे बघू नये, कोळंबीकडे बघावं. राखाडी पारदर्शकपणा जाऊन ती गुलाबी-पांढरी झाली आणि जराशी वळली, की गॅस बंद. शेपूट डोक्याच्या जागेला टेकून पूर्ण वेटोळं झालं असेल तर उशीर झालाय.

गॅस बंद केल्यावर लगेच लिंबं पिळून सालीसकट आत, आणि पाठोपाठ दोन किलो बर्फ. ‘अहो, गार करता काय?’ असं कुणीतरी ओरडतं. बर्फाने पाणी साठाच्या खाली येतं, शिजणं थांबतं, पण मुरणं चालू राहतं. पाठीवरच्या चिरेतून मीठ आणि मसाला आत जातो तो याच सहा-सात मिनिटांत. बर्फ नसेल तर मुरवत बसू नये, सरळ उपसावी.

तेवढ्या वेळात लोणी. २०० ग्रॅम बटर मंद आचेवर, वीस पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, दोन चमचे काश्मिरी मिरचीपूड. लसूण पांढरा असतानाच खाली उतरवायचं, गरम लोण्यात तो पुढे आपोआप होतो. सोनेरी होईपर्यंत थांबलात तर ताटात कडू. बटर खारं असतं, तेव्हा वरून मीठ अजिबात नाही. मग पातेल्यातलं अर्धी वाटी पाणी त्यात घालून जोरात फेटायचं, म्हणजे ते दाट होऊन सालीला चिकटतं. नाहीतर जानेवारीच्या गारठ्यात बटाट्यांवर पिवळी पापडी धरते. सगळं मोठ्या परातीत एकत्र करून हे लोणी वर ओतायचं, परात दोन्ही हातांनी हलवायची आणि मक्या-बटाट्यांवर मूठभर जिरावन.

तिकडे हे टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात. छपाईची शाई अन्नाला लागू देऊ नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच बजावलेलं आहे, आणि आपल्याकडे पळसाच्या पत्रावळी आहेतच. सतरंजीवर पत्रावळींची रांग, मधोमध परात. पहिली पाच मिनिटं जरा अवघडलेली जातात. ‘काकू, चमचा?’ ‘चमचा नाही रे, हात धुऊन ये.’ मग सालं सोलण्याचा आवाज सुरू होतो आणि बोलणं थांबतं. सालींसाठी दर दोघांत एक रिकामं पातेलं ठेवावं. नाहीतर त्या पत्रावळीच्या कडेला साचतात आणि कुणी किती खाल्ली ते सगळ्यांना मोजता येतं.

उरलेलं पाणी सूप म्हणून वापरायचा विचार कुणाच्या तरी मनात येतोच. ते खारट जहर असतं, कुंड्यांनाही घालू नये. सालींचं मात्र नीट पाहावं लागतं. रात्रभर डब्यात राहिल्या तर सकाळी अख्खा जिना बोलायला लागतो. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाकाव्या आणि गाण्याची कचरागाडी आली की ओल्या कचऱ्यात द्याव्या. पत्रावळीही ओल्यातच, पाकिटाचं प्लास्टिक सुक्यात. या शहरात गाडीवाला डबा उघडून बघतो. ओल्या कचऱ्यातून इथे गॅस तयार होतो, २०२२पासून रोज साडेपाचशे टन जिरवण्याच्या क्षमतेचा कारखाना चालू आहे. पिळलेली लिंबं तेवढी ठेवून घ्यावी, बोटांना चोळायला. दोनदा चोळल्यावरही सकाळच्या पोह्यांच्या पहिल्या घासाला थोडा लसूण लागतोच. चार बटाटे उरले असतील तर ते त्याच पोह्यांत कुस्करून घालावे, मीठ बेताने.