आमची वाटचाल : ‘४११ बंद होतेय’ ही आवई आणि आमचा कारखाना

भोसरी एमआयडीसीत आमचा मोटरसायकलच्या लगेज कॅरिअरचा छोटा कारखाना आहे. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आली आणि आमचा जम बसला. मिरजेचे एक सर आमचे पहिले गिऱ्हाईक. नवी कोरी गाडी त्यांनी मापं घ्यायला आमच्याकडे सोडली आणि स्वतः एसटीने घरी गेले. तिच्यावरून बनवलेली जिग, म्हणजे प्रत्येक कॅरिअर एकाच मापात बसवणारा साचा, आजही चालू आहे. जाड प्लेट, कडक केलेले बुश (भोकांच्या जागा पक्क्या धरणाऱ्या पोलादी नळ्या), पिना. भोक एक मिलिमीटर सरकलं तरी गिऱ्हाईक कानस घेऊन बसतं, ओढूनताणून बोल्ट आवळतं, आणि हिमाचलमधल्या स्पितीच्या रस्त्यावर नेमका वाकणापाशी वेल्डला तडा जातो. सर काझा, लेह करून आले; आमचा वेल्ड शाबूत.

मधली वर्षं बरी गेली.

मग झाकलेल्या टेस्ट गाड्यांचे फोटो फिरू लागले. लिक्विड कूल्ड इंजिन येणार, ४११ बंद होणार. बाजारात कुजबुज होतीच, पण आमच्याच लाइनीतल्या एका कारखानदाराने दुकानदारांना फोन करकरून सांगितलं, “त्यांचा माल घेऊ नका, अंगावर पडेल.” ठरलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या. पावडर कोटिंग झालेला माल शटरपर्यंत रचलेला, पाईपवाल्याची उधारी थकलेली. पोरांच्या पगारासाठी बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या. तो गृहस्थ मात्र चहाच्या टपरीवर भेटला की हसून नमस्कार करायचा. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्या दिवसांत सरांनी ओळखीच्या रायडरांकडून पैसे गोळा करून आगाऊ पाठवले, म्हणून शटर उघडं राहिलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात हिमालयन ४५० ची किंमत जाहीर झाली. ४५२ सीसी, ४० पीएस, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पूर्ण वेगळी. ४११ खरोखरच थांबली. पण रस्त्यावरच्या ४११ कुठे गेल्या? त्यांना कॅरिअर, सॅडल स्टे (बाजूच्या बॅगा चाकापासून दूर धरणारी चौकट) आजही लागतातच. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, मॉडेल बंद झालं म्हणून जिग भंगारात घालू नका. तेल लावून ठेवा, वर्षातून एकदा बुशची झीज तपासा.

४५० ची जिग आम्ही वेगळी बनवली. आणि ज्या दुकानदारांनी तेव्हा ऑर्डर रद्द केली, ते आता ४११ चे कॅरिअर मागतात. माल देतो, पण पैसे आधी.