तुम्ही विचारलंत म्हणून: शर्यतीला सरकारी पैसा द्यावा का?

लग्नकार्यात, औषधाच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, ओळखीचं कुणी भेटलं की इकडचं तिकडचं बोलून होतं आणि मग हा प्रश्न येतो. “डॉक्टर, सरकार कुस्तीला पैसा देतं, कबड्डीला देतं. मग आमच्या बैलांच्या, घोड्यांच्या शर्यतीलाच का नको?” माझी सगळी नोकरी पशुवैद्यक म्हणून सोलापूर जिल्ह्यात झाली. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस हे माझे तालुके. आता निवृत्त होऊन सोलापुरात राहतो. गावाकडच्या विचारणाऱ्याला माझ्या तोंडून ‘द्यावा’ असं ऐकायचं असतं. शहरातला कुणी विचारतो तेव्हा त्याला ‘शर्यतीच बंद करा’ असं हवं असतं.

माझं उत्तर असं आहे: बक्षिसाला, मंडपाला, मैदानाला सरकारचा एक रुपयाही नको. पळणं थांबल्यावर जनावराच्या वैरणपाण्याला, औषधाला पैसा जरूर द्यावा, आणि त्यातला मोठा वाटा शर्यतीवर कमावणाऱ्यांकडून घ्यावा.

बैलांची शर्यत कायदेशीर आहे की नाही, हा वाद आता संपलाय. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या दुरुस्तीत एक गोष्ट चांगली झाली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा मूळ कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि तो आजही तेवढाच आहे. शर्यतीच्या अटी मोडल्या तर मात्र पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर धाक पुरेसा आहे. मैदानात तो किती पोचतो, हे मैदानाच्या कडेला उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

मी त्या कडेला बरेचदा उभा राहिलोय. एका यात्रेत शर्यतीच्या दोन गटांच्या फेऱ्या झाल्यावर एक आदत खोंड माझ्यापुढे आणला. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, वय फार तर दोन वर्षं. पुढचा उजवा पाय तो टेकवत नव्हता. खुराच्या वरचा सांधा हाताला गरम लागत होता, दाबल्यावर त्याने पूर्ण अंग काढून घेतलं. शेपटी उचलून पाहिली तर बुडाशी कातडी सोलून निघालेली, त्यावर माश्या. शेपटी पिरगळल्याची, चावल्याची ती खूण मी ओळखतो. जीभ बाहेर, तोंडाला दोरीसारखी लाळ. मालकाचा पोरगा त्याच्या मानेवर बादलीने पाणी ओतत होता आणि रडवेला होऊन म्हणत होता, “डॉक्टर, फायनलला लागलाय. नुसता उभा राहील एवढं करा.”

एवढं करणं म्हणजे वेदनाशामक टोचणं. दहा-पंधरा मिनिटांत खोंड पाय टेकवतो, पळतोही. पण दुखणं म्हणजे त्या पायाचं ‘आता थांब’ हे सांगणं असतं. ते बंद केलं की सांधा फुटेपर्यंत जनावर पळत राहतं. जगभरात शर्यतीच्या घोड्यांच्या रक्त-लघवीची तपासणी होते, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. मी इंजेक्शन दिलं नाही, खोंड मैदानाबाहेर काढायला लावला. त्या पोराचं खोंडावर प्रेम नव्हतं, असं मी कधीही म्हणणार नाही. स्वतःला दूध नसलं तरी चालेल, पण खोंडाच्या खुराकात दूध, अंडी, उडदाचं पीठ चुकू न देणारी ही माणसं. पण समोर लाखाचं बक्षीस आणि भोवती पाच हजारांची गर्दी असताना ते प्रेम त्या दुखऱ्या पायाच्या बाजूने उभं राहू शकत नाही. बक्षीस जितकं मोठं, तितका दबाव जास्त. आता मैदानात बक्षिसाला ट्रॅक्टर लागतात, थार गाडी लागते. त्यात सरकारने आणखी भर घातली, तर ते जनावराच्या पायावरच ओझं वाढवणं होईल.

घोड्याचं दुखणं तर लोकांना दिसतही नाही. बैल दमला की तोंड उघडतो, जीभ बाहेर टाकतो, शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हा दमलाय. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. तो नाकपुड्या फुलवतो, बरगड्या भात्यासारख्या चालतात, तोंड मात्र मिटलेलं. मग लोक म्हणतात, “याला काय झालंय, अजून एक फेरी मारेल.” आपल्या भागातल्या यात्रांत घोडा आणि बैल एका जुवाला जुंपलेले मी पाहिलेत. दोघांची उंची वेगळी, टाप वेगळी, दम वेगळा. जू एका बाजूला चढतं आणि बैलाची मान घासून निघते. दुरुस्तीत बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट ही नावं आहेत आणि ती बैलांसाठी आहे. घोड्याचं तिथे नाव नाही. त्यामुळे अनुदान मागायला येणारे ‘बैल आणि घोडे’ एका दमात म्हणतात, तेव्हा मी त्यांना तिथेच थांबवतो.

जनावराला धावणं आवडतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. वाखरीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो तो पाहा. ना चाबूक, ना पैज, ना मागून कुणाची गाडी. दोन फेऱ्या मस्तीत मारतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोडा धावतो म्हणून वाईट वाटायचं काही कारण नाही. तो कुणासाठी, कुठवर आणि कशाच्या भीतीने धावतो, हे बघायचं.

आता पैशाकडे येऊ. ‘सरकार शर्यतीला काही देत नाही’ हे पूर्ण खरं नाही. मैदानावरचा बंदोबस्त, महसूल खात्याची परवानगी, तपासणीला लावलेला सरकारी डॉक्टर, हा सगळा सरकारी पैसाच आहे. त्या दिवशी डॉक्टर मैदानात असतो तेव्हा तालुक्यात अडलेली म्हैस वाट बघत असते. मुंबईला पैसा जमिनीच्या रूपात आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची जागा दोनशे एकरांहून जास्त, ती राज्य सरकारची आणि महापालिकेची. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, त्यानंतर दहा वर्षं घोळ चालला आणि २०२४ मध्ये १२० एकर बागेसाठी काढून बाकीची जागा रेससाठी ठेवायचं ठरलं. उलट बाजूने सरकार रेसमधून घेतंही भरपूर. घोड्यांवरच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. या पैशात घोड्याच्या म्हातारपणासाठी वेगळा खाना कुठेच नाही.

आणि थेट बक्षिसाला, उद्योगाला पैसा दिला की काय होतं, ते बघायला आयर्लंड आहे. तिथे २००१ च्या कायद्याने घोडे आणि ग्रेहाउंड कुत्रे यांच्या शर्यतींसाठी सरकारी निधी आहे, ८० टक्के घोड्यांना, २० टक्के कुत्र्यांना. २०२४ साठी साडेनऊ कोटी युरो दिले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने दाखवलं, की शर्यतीतून बाद झालेले घोडे कत्तलखान्यापर्यंत कसे पोचतात, तिथे त्यांना कसं मारतात आणि ओळखीच्या चिप बदलायचे उद्योग कसे चालतात. एवढा निधी, एवढी नोंदणी, आणि तरी घोडा शर्यतीच्या दारातून बाहेर पडला की त्याच्यामागे जायला कुणी नाही. पैसा धावण्याला दिला होता, घोड्याला नव्हता.

आपल्याकडे घोड्यांच्या नावाने सरकारी पैसा कसा वाहू शकतो, त्याचंही उदाहरण आहे. नंदुरबारच्या सारंगखेड्याचा घोडेबाजार जुना आणि मोठा. त्याला महोत्सवाचं रूप देण्यासाठी पर्यटन महामंडळाने केलेला ३२१ कोटींचा करार राज्य सरकारला आर्थिक अनियमिततेवरून नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द करावा लागला. तंबू, दिवे, जाहिराती! घोड्यांच्या दवाखान्यासाठी यातला शंभरावा भाग मिळाला असता, तरी खानदेशाचं भलं झालं असतं.

आपल्या अकलूजच्या घोडेबाजारात गेलात तर एक करा. मारवाडी, काठियावाडी घोड्यांसमोर गर्दी असते, ती सोडून कडेला बांधलेल्या लांब पायांच्या, बारीक मानेच्या घोड्यांकडे जा. त्यात रेसमधून उतरलेलेही असतात. पुढच्या पायाच्या नळीवरून हात फिरवा, बऱ्याचदा हाडावर टणक उंचवटा लागतो. थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच पैदास केलेला घोडा दुसऱ्या वर्षीच धावायला लागतो, तेव्हा हाडं अजून पक्की झालेली नसतात. पाच-सहा वर्षांचा झाला की बहुतेकांची रेस संपते. घोडा जगतो पंचवीस वर्षं. म्हणजे तीन-चार वर्षांच्या कमाईनंतर वीस वर्षं उरतात. ती कुणाकडे जातात? कुणी रायडिंग क्लबात, कुणी वरातीत, डीजेच्या भिंतीपुढे कान पाडून.

बैलाचं तर अजून कठीण. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. मी तिच्याविरुद्ध नाही. पण म्हातारा बैल विकायचा नाही, तर पोसायचा कुणी, याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं नाही. ज्याच्या गळ्यात हार घालून गावातून मिरवणूक काढली, तोच बैल चार वर्षांनी हाडं मोजता येतील असा झालेला मी बघितलाय. मालक वाईट नव्हता. दोन एकर कोरडवाहू, मालदांडी ज्वारीच्या कडब्याचा भाव गगनाला, आणि दावणीला नवा खोंड.

“शर्यत बंद पडली की बैलांची खिलार जात संपेल,” हे मला दर वेळी ऐकवतात. यात तथ्य आहे. ट्रॅक्टर आल्यावर शेतीत बैल उरला नाही आणि बंदीच्या काळात खोंडांचे भाव पडले, ते मी सांगोल्याच्या बाजारात डोळ्यांनी पाहिलं. पण खिलार टिकवतो कोण? गाय सांभाळणारा. त्याच्या गोठ्यातून खोंड काही हजारांत जातो, दोन मैदानं मारली की त्याची बोली लाखांत लागते, आणि तो पैसा गायवाल्याकडे परत येत नाही. खिलार वाचवायचा म्हणून सरकारला पैसा द्यायचाच असेल, तर खिलार गाईच्या दावणीवर द्या. तिथे दिलेल्या पैशाने कुणाची शेपटी पिरगळली जाणार नाही.

सरकारला हे जमत नाही, असंही नाही. २०१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या होत्या. मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये मिळायचे, मे महिन्यात ते १०० केले. घोळ झाले, तक्रारी झाल्या, पण हजारो जनावरं त्या उन्हाळ्यात जगली. २०२२ मध्ये लंपी रोग आला तेव्हा लस फुकट दिली आणि दगावलेल्या बैलामागे २५ हजार रुपये दिले. म्हणजे जनावर जगवायला पैसा देण्याची वाट आपण चाललेलो आहोत.

बैलाच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो, खरेदी-विक्रीला तो लागतो. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक बैलाचा तो नंबर लिहून घ्यावा. दर वर्षी तालुक्याच्या दवाखान्याने बघावं, की हा बैल आज कुठे आहे, कसा आहे. ज्या मालकाला सांगता येणार नाही, त्याचा पुढचा बैल मैदानात घेऊ नये. प्रवेश फीमधला आणि बक्षिसातला ठरलेला हिस्सा निवृत्त जनावरांच्या खात्यावर जमा व्हावा. ब्रिटनमध्ये १९६१ पासून पैज घेणाऱ्यांकडून अशी पट्टी वसूल करतात. आपण ती बक्षिसावर न उधळता पूर्ण जनावरावर खर्च करावी. कमी पडेल तिथे सरकारने भर घालावी, त्याला माझी मनापासून संमती आहे.

“किती लागेल?” हा पुढचा प्रश्न. छावणीचाच दर धरा, रोज १०० रुपये. एका बैलाला वर्षाला साडेछत्तीस हजार. आजच्या भावात जास्तच लागतील, म्हणून पन्नास हजार म्हणू. मैदानातून उतरल्यावर बैल सात-आठ वर्षं जगतो. म्हणजे एका बैलाचं म्हातारपण साडेतीन-चार लाखांत निघतं, आणि एका थारच्या किमतीत तिघांचं. यात्रा कमिटी वर्गणीला आली की हा हिशेब मी पावतीच्या मागे लिहून देतो आणि म्हणतो, पहिलं बक्षीस बुलेटवर आणा, उरलेल्या पैशातून गावातल्या गावात दोन म्हातारे बैल सांभाळा, त्यांना दर महिन्याला मी फुकट तपासून जाईन.