ताळा जुळला, तरी गणित चुकलं

समतोल स्थिरांक म्हणजे रिअॅक्शन समतोलाला आली की उत्पादितं आणि अभिकारकं यांच्या प्रमाणाचा ठरलेला आकडा. त्याची गणितं मला आधी फारच सोपी वाटायची, वर उत्पादितं खाली अभिकारकं, समीकरणातले आकडे घातांक म्हणून चढवा आणि भागाकार करा, झालं. मग हायड्रोजन आयोडाइडच्या एका गणितात असा आपटलो की अजून विसरलो नाहीये.

गणित काय, तर एक लिटरच्या बंद भांड्यात १ मोल (मोल म्हणजे रेणू-अणू मोजायचं एकक) हायड्रोजन आणि १ मोल आयोडीन, तापमान साधारण ४२५ अंश सेल्सिअस, केसी, म्हणजे दर लिटरमागचे मोल घालून काढलेला समतोल स्थिरांक, ५४, तर समतोलाला काय किती असेल. मी मांडलं की दोघंही एक्सने कमी होणार आणि आयोडाइड एक्स तयार होणार. म्हणजे एक्सचा वर्ग भागिले (एक वजा एक्स) या सगळ्याचा वर्ग बरोबर ५४. वर्गमूळ काढलं, ७.३५ आलं, क्वाड्रॅटिक सोडवायची पण गरज नाही, एक्स ०.८८. मग शहाण्यासारखा ताळा पण केला बरं का, ०.८८ चा वर्ग भागिले ०.१२ चा वर्ग, ५३.८ म्हणजे ५४ च की. खूश!

आणि उत्तर चूक. पुस्तकात आयोडाइडचं खरं उत्तर आहे १.५७ मोल.

मला वाटलं छापायची चूक असेल. बराच वेळ डोकं खाजवून शेवटी आयोडीनचे अणू मोजले. सुरुवातीला १ मोल आयोडीन, म्हणजे अणू २ मोल. माझ्या उत्तरात उरलेल्या आयोडीनमधले ०.२४ आणि आयोडाइडमधले ०.८८, एकूण १.१२. बाकीचे ०.८८ मोल अणू गेले कुठे, भांडं तर बंद होतं ना! एक हायड्रोजन आणि एक आयोडीन मिळून आयोडाइडचे दोन रेणू होतात, तिथे २एक्स हवं होतं. मी घातांक म्हणून २ घेतला पण सुरुवातीला किती, समतोलाला किती या मांडणीत घ्यायचा राहिला. नीट मांडलं की एक्स ०.७८६ येतो, आयोडाइड १.५७, आणि अणू बरोब्बर २ मोल भरतात. स्थिरांकाचा ताळा फक्त भागाकार तपासतो, रेणू कुठून आले ते तो विचारत नाही.

गंमत म्हणजे मधे आलेलं ते ७.३५ पण एक स्थिरांकच आहे, तीच रिअॅक्शन अर्धा हायड्रोजन अधिक अर्धा आयोडीन अशी लिहिली तर तिचा. उलटी लिहिली तर १ भागिले ५४, साधारण ०.०१८५. त्यामुळे समीकरण न लिहिता कोणी नुसतं 'केसी ५४' म्हटलं की मला आता राग येतो.

तसं आयोडाइड लाडावणारं उदाहरण आहे. दोन्हीकडे वायूचे मोल सारखेच, त्यामुळे घनफळ आपोआप उडून जातं आणि केपी (वायूंच्या दाबांवरून काढलेला स्थिरांक) आणि केसी एकच. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडमध्ये एका रेणूचे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन होतात, तिथे मोलला लिटरने भागावंच लागतं. त्याच्या एका गणितात भांडं दोन लिटरचं होतं आणि मी सरळ मोलच टाकले. यावेळी अणू मोजले, जुळले. ताळा केला, तोही जुळला. उत्तर तेवढं चुकलं.