वॉर्डात भूमका आला तो दिवस

मी मेळघाटात एनआरसीला, म्हणजे कुपोषित पोरांना चौदा दिवस आईसोबत ठेवून घेतात त्या वॉर्डात सिस्टर आहे. मागच्या पावसाळ्यात एक बाळ आलं, अकरा महिन्यांचं, वजन 4 किलो 900, दंडाची पट्टी लालमध्ये म्हणजे अति कुपोषित, पोटावर डंब्याचे वाळलेले चट्टे. डंबा म्हणजे पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने बाळाच्या पोटाला डागतात, ते बघितलं की आजही माझं डोकं फिरतं.

एफ-75, म्हणजे अशा पोरांना सुरुवातीला देतात ते खास दूध, चालू केलं, दर दोन तासांनी. तिसऱ्या दिवशी आई पिशवी भरून दारात उभी. भूमकाने, म्हणजे कोरकू आदिवासींच्या गावातल्या वैदूने, पाहिलंच नाही म्हणे, बाहेरचं आहे, तुमच्या दुधाने काय होणार. पूर्वी मी अशा वेळी ओरडायचे, मग बाया रात्रीच न सांगता निघून जायच्या, त्यातलं एक पोर पुढे वाचलं नाही, ते मी विसरलेले नाही.

आशाताई म्हणाली भूमकालाच बोलवू. डॉक्टर हो म्हणाले. मी अट घातली, डंबा नाही आणि बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही.

दुपारी म्हातारे बाबा आले, सुपात ज्वारीचे दाणे टाकून कितीतरी वेळ दोन-दोन बाजूला सारत बसले, आईची नजर दाण्यांवरून हलत नव्हती. मग काळा दोरा काढला. बाळाच्या उजव्या हाताला इंजेक्शनची सुई होती, म्हटलं बाबा डाव्या हाताला बांधा, त्यांनी काही न बोलता डावा हात धरला. जाताना विचारलं, "बाई, कितने दिन?" मी म्हटलं चौदा. ते आईशी कोरकूत बोलले, आशाताईने नंतर सांगितलं, मुठवा देवाची पूजा चौदा दिवस झाल्यावरच, तोवर गावात यायचं नाही असं म्हणाले.

आधी पाजताना तिचा चमचा अर्ध्यातच थांबायचा. त्या संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, पुढचं दूध कधी.

वजन दोऱ्याने नाही वाढलं, ते दुधाने आणि इंजेक्शनने वाढलं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण ती बाई थांबली ती बाबांच्या शब्दावर, माझ्या ओरडण्याने थांबली नसती. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र घालणं गुन्हा आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तर म्हणते, भूमकाला आमच्या डोळ्यांसमोर वॉर्डात येऊ द्या, म्हणजे उपचार सुटणार नाहीत.

चौदाव्या दिवशी वजन 5 किलो 600. बाबा न्यायला आले होते, माझ्याकडची दंड मोजायची पट्टी उलटसुलट करून बघत होते, मी एक देऊन टाकली, लाल आलं की पाठवा म्हटलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावातून दोन पोरं आली, दोघांच्याही मनगटाला काळा दोरा होता आणि पोटावर डाग नव्हता.