कॉलेज सोडायचं म्हणतोय
आज पंचवटीत मामाच्या लॉजवर गेलो होतो, तर मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातच म्हणतो दादा कॉलेज सोडतो आणि स्टार्टअप टाकतो, ओयोवाल्या रितेश अग्रवालने पण सोडलंच ना. मामी चहा गाळता गाळता थांबलीच 😄

आता सोडलं हे खरंय, पण रील्समध्ये तेवढंच दाखवतात राव. ओडिशातल्या बिस्सम कटक नावाच्या छोट्या गावचा पोरगा, जन्म १९९३ चा. २०१२ मध्ये ओरावेल काढलं, म्हणजे राहायच्या जागांची वेबसाईट. ती काही धड चालली नाही. मग स्वतः गेस्ट हाऊसमध्ये राहून बघितलं तर कळलं की रूम शोधणं हा प्रॉब्लेमच नाहीये, रूममध्ये गेल्यावर चादर स्वच्छ असेल का, एसी चालेल का याचीच खात्री नसते, आणि तिथून २०१३ मध्ये ओयो, गुडगावातल्या एका छोट्या हॉटेलपासून. त्याच वर्षी थील फेलोशिप, म्हणजे अमेरिकेतल्या पीटर थील नावाच्या गुंतवणूकदाराची तरुणांना स्वतःचं काही काढायला पैसे देणारी योजना, एक लाख डॉलर! आणि तिची अटच अशी की कॉलेज सोडायचं, म्हणजे कॉलेजबाहेर राहायला हातात पैसे तरी आले त्याच्या, उगाच नाही.

मला तर त्याचं कॉलेज सोडणं नाही, ते गेस्ट हाऊसमधलं राहणं भारी वाटतं.

मामाने सगळं ऐकलं आणि म्हणाला, बरं मग आधी २०४ चा गीझर बघून ये, गिऱ्हाईक सकाळपासून बोंबलतंय. गेला बिचारा पाना घेऊन.