नोव्हगोरोदची भूर्जपत्रं

सेंट पीटर्सबर्गहून वेलिकी नोव्हगोरोदला ट्रेनने तीनेक तास लागतात आणि खिडकीतून बघाल तर नुसती पांढऱ्या खोडांची झाडं, बर्च, संपतच नाहीत. रशियनमध्ये याला म्हणतात बिर्योझा. सर्बियात ब्रेझा, पोलंडमध्ये ब्झोझा (जीभ वळली तर म्हणून बघा), आणि चेक लोकांनी तर अख्ख्या मार्च महिन्याला याच्यावरून ब्रझेझेन नाव दिलंय असं बरेच जण मानतात. या सगळ्यांची आई म्हणजे आदिस्लाव भाषेतला 'बेर्झा', हा पुढे चांदणी लावून लिहितात, कारण तो लिहिलेला कुठेच सापडलेला नाही, लेकींच्या तोंडवळ्यावरून आईचं चित्र काढावं तसा अभ्यासकांनी बांधलाय. आणि या बेर्झाची संस्कृतातली बहीण कोण, तर भूर्ज! आपलं भूर्जपत्र!! मूळ धातूचा अर्थ चमकणं, पांढरं असणं असा काहीसा धरतात. लॅटिनवाल्यांकडे फ्राक्सिनुस उरला पण तो दुसऱ्याच झाडाला चिकटला, अॅशला. आपल्याकडे मात्र हिमालयात झाड परत भेटलं, गोमुखच्या वाटेवरचं भोजबासा हे नाव या भोजवृक्षावरूनच. महाराष्ट्रात झाडच नाही त्यामुळे आपला संबंध पूजेच्या दुकानातल्या यंत्रापुरता.

नोव्हगोरोदला क्रेमलिनच्या, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्याच्या, आतल्या म्युझियममध्ये तर खरीखुरी भूर्जपत्रं आहेत, शाई नाही, टोकदार काडीने सालीवर कोरलेली. पहिलं २६ जुलै १९५१ ला सापडलं, नीना अकुलोवा या खोदकाम करणाऱ्या बाईंना, आता हजाराच्या वर गेलीत. तिथली माती ओली, हवा आत जात नाही म्हणून साल कुजली नाही. आणि मजकूर काय? पोथ्या-स्तोत्रं फार नाहीत, उधारी, वसुली, घरचे निरोप. तेराव्या शतकातला ओन्फिम नावाचा सहा-सात वर्षांचा पोरगा अक्षरं गिरवता गिरवता कंटाळून घोडेस्वार काढत बसलाय, हाताला बोटं कधी तीन कधी पाच, मी तिथून हलेचना.

पण बेस्ट पत्र मिकिताचं. उल्यानित्सा, माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, आणि साक्षीदार म्हणून इग्नातचं नाव टाकून मोकळा. पत्रिका नाही, बैठक नाही, मध्यस्थ नाही, सालीच्या एका तुकड्यात काम फत्ते!